'लिटरली'चा मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ

जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातली शेवटची कथा 'द डेड'. तिच्या पहिल्याच वाक्यात एक शब्द असा आहे की, इंग्रजीच्या कोणत्याही कडक मास्तराने त्याखाली लाल रेघ ओढली असती. कथा सुरू होते ती मॉर्कन भगिनींच्या घरच्या वार्षिक नृत्यसमारंभाच्या रात्री. दारावरची घंटा सारखी वाजते आहे, पाहुणे एकामागून एक येत आहेत आणि लिली ही घरकाम करणारी मुलगी त्यांचे कोट उतरवून घेताना मेटाकुटीला आली आहे. तिची ही धावपळ सांगताना जॉइस एक इंग्रजी वाक्प्रचार वापरतो. पळून पळून पायांवर उभे राहायचीही सोय उरली नाही, असा त्याचा साधारण भाव. या वाक्प्रचाराच्या आधी त्याने 'लिटरली' हे क्रियाविशेषण घातले आहे. लिलीचे पाय तर जागच्या जागी आहेत. मग 'लिटरली' कसे?

जॉइसला इंग्रजी येत नव्हते असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. ह्यू केनर या समीक्षकाने 'जॉइसेस व्हॉइसेस' (१९७८) या छोटेखानी पुस्तकात याचे उत्तर दिले, आणि आज ते जवळपास सर्वमान्य झाले आहे. हा शब्द जॉइसचा नाही, लिलीचा आहे. निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी ज्या पात्राजवळ ते जाते त्या पात्राच्या बोलीचा रंग त्याला लागतो. 'आज माझी काय धावपळ झाली' हे लिली दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगेल तेव्हा ती हाच शब्द वापरील. निवेदकाने तो तिच्या तोंडून उचलून आपल्या वाक्यात ठेवला आहे, आणि तोही अवतरणचिन्हांशिवाय. केनरने या पद्धतीला 'अंकल चार्ल्स तत्त्व' असे नाव दिले. 'अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन'मधले चार्ल्सकाका परसातल्या खोपटात पाइप ओढायला जातात, तेव्हा त्या 'जाण्या'साठी जॉइसने एक भारदस्त, जुन्या वळणाचे क्रियापद वापरले होते. विंडहॅम लुइसने त्यावर जॉइसला धारेवर धरले होते. केनरचे म्हणणे असे की, तो भारदस्तपणा काकांचा आहे. आपण परसात जातो आहोत हे त्यांनी स्वतः सांगितले असते तर असेच सांगितले असते.

लिलीच्या बाबतीत कथेतच याला आणखी आधार सापडतो. थोड्याच वेळाने गॅब्रिएल कॉनरॉय येतो, तेव्हा त्याच्या आडनावाची ती तीन अक्षरे करते आणि त्याला हसू येते. पुढे पुरुषजातीविषयी ती जे फटकन बोलून जाते, त्याचे व्याकरण शाळेत शिकलेले नाही. म्हणजे पहिल्या वाक्यातला तो एक शब्द लिलीचा वर्ग, तिचे शिक्षण, तिचा थकवा आणि थकवा सांगताना थोडे वाढवून सांगायची तिची हौस हे सारे आपल्यासमोर ठेवतो. कोशाच्या दृष्टीने 'चुकीचा' असलेला शब्द इथे कथेच्या दृष्टीने अचूक बसतो. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' आठवावेत. तिथे निवेदन प्रथमपुरुषी असल्याने शब्द कोणाचा हा प्रश्न पडत नाही, इतकाच फरक. पण एखाद्या किरकोळ अव्ययाच्या गैरवापरातून संपूर्ण माणूस उभा राहतो, हा अनुभव तोच.

इथे भाषांतरकाराची अडचण सुरू होते. 'लिटरली'ला मराठीत 'अक्षरशः' हा अगदी नेमका प्रतिशब्द आहे. लॅटिनमधला 'लिटरा' म्हणजे अक्षर, जर्मन 'बुखश्टेब्लिश' या शब्दातही अक्षरच बसलेले आहे, आणि आपल्याकडे 'अक्षर'ला 'शस्' प्रत्यय लागून 'अक्षरशः'. पण 'लिली अक्षरशः दमून गेली' असे लिहिले की लिली गायब होते आणि तिच्या जागी वर्तमानपत्राचा वार्ताहर येऊन उभा राहतो. मराठीत 'अक्षरशः' हा मुख्यतः लेखणीचा शब्द आहे. घरकाम करणारी मुलगी तो सहसा उच्चारणार नाही. ती 'पार' म्हणेल, 'नुसती' म्हणेल, 'चक्क' म्हणेल. 'पळून पळून लिलीचे पार पाय मोडले' असे काहीसे केले तर मुलगी हाती लागते, पण मग शब्दाच्या अर्थाशी चाललेला जॉइसचा खेळ सुटतो. मला विचाराल तर मुलगी वाचवावी, खेळ जाऊ द्यावा.

आता कथा बाजूला ठेवून शब्दाकडेच वळू. 'लिटरल' हे विशेषण मध्ययुगीन युरोपात बायबलच्या अर्थनिर्णयाच्या संदर्भात घडत गेले. धर्मग्रंथातल्या वचनाला चार अर्थ असतात अशी तिथली परंपरा : शब्दांचा सरळ अर्थ, रूपकात्मक अर्थ, आचरणाविषयीचा अर्थ आणि पारलौकिकाविषयीचा अर्थ. पहिला तो 'लिटरल'. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच रूपकाच्या विरुद्ध बाजूला उभा होता. म्हणूनच तो रूपकाच्याच पदरी चाकरीला लागला याचा इंग्रजी व्याकरणकारांना इतका संताप येतो.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १६८७ मध्ये ड्रायडनच्या 'द हाइंड अँड द पँथर' या दीर्घकाव्यातली हरिणी, आपल्याला रोजची भाकर खरोखरच मागून मिळवावी लागते हे सांगताना 'लिटरली' वापरते. ख्रिस्ती प्रार्थनेत रोजच्या भाकरीची याचना आहे आणि ती सर्वांच्या तोंडात बसलेली आहे. हरिणीच्या बाबतीत ती निव्वळ तोंडातली राहिली नाही, एवढेच तो शब्द सांगतो. जेन ऑस्टिनने १८१७ मध्ये अपुऱ्या टाकलेल्या 'सँडिटन'मध्ये, वादळी रात्री अंथरुणात आपण हेलकावे खाल्ले हे सांगताना हाच शब्द येतो. वारा असा होता की पलंग खरेच हलले असणार. या दोन्ही ठिकाणी 'लिटरली'चे काम दुहेरी आहे. तो विधानाला खरेपणाची ग्वाही देतो आणि त्याच दमात जोरही देतो. पुढच्या पायरीवर ग्वाही गळून पडते, जोर तेवढा उरतो. ऑक्सफर्डच्या कोशाने या पायरीचे दिलेले सर्वांत जुने उदाहरण १७६९ मधले, फ्रान्सेस ब्रूक या बाईंच्या 'द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू' या कॅनडाच्या पार्श्वभूमीवरच्या कादंबरीतले आहे. सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात एका गृहस्थाचा प्रवेश होतो आणि लिलीच्या फुलांत चरण्याची बायबलमधली प्रतिमा त्याला 'लिटरली' लागू केली जाते. (जॉइसच्या या पात्राचे नावही लिलीच असावे हा निव्वळ योगायोग, पण वाचताना गंमत वाटते.) पुढे डिकन्सच्या 'निकोलस निकल्बी'तला क्रूर शाळामास्तर स्क्विअर्स पकडून आणलेल्या पोराकडे पाहत डोळ्यांची मेजवानी करतो ती 'लिटरली', आणि १८७६ मधला टॉम सॉयर कुंपण रंगवण्याचे काम इतर पोरांच्या गळ्यात मारून संपत्तीत लोळतो तोही 'लिटरली'. टॉमच्या त्या संपत्तीत गोट्या, पतंग, मेलेला उंदीर असा ऐवज होता हे आठवले, म्हणजे ट्वेनने हा शब्द हसत हसत घातला आहे हे लक्षात येते.

याचा अर्थ असा की, हा 'बिघाड' आजच्या तरुण पिढीने केला ही तक्रार इतिहासाला धरून नाही. तक्रारीलाही आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. १९०९ हे साल त्या दृष्टीने मजेदार आहे. त्या वर्षी अँब्रोज बिअर्सने 'राइट इट राइट' ही भाषाशुद्धीची पुस्तिका काढून, अतिशयोक्ती करणे वाईटच, पण वर ती खरी असल्याची शपथ घेणे असह्य, अशा आशयाचा शेरा मारला. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टरच्या मोठ्या कोशाने हा अतिशयोक्तीचा वापर नोंदवून टाकला. १९२६ मध्ये फाउलरने पुन्हा फटकारले. मग २०१३ च्या ऑगस्टमध्ये, गूगलच्या शब्दार्थात हा जोर देणारा अर्थही दिलेला आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि वर्तमानपत्रांतून एकच गिल्ला झाला. ऑक्सफर्डच्या कोशाने आपली नोंद त्याआधी दोन वर्षे, २०११ मध्येच सुधारली होती, पण तेव्हा ते कोणाला दिसले नव्हते. कोश उघडून पाहणाऱ्यांपेक्षा कोशावर रागावणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असते.

या गिल्ल्यात एक विधान पुन्हा पुन्हा झाले : 'लिटरली'चा अर्थ आता 'लाक्षणिक अर्थाने' असा उलटा झाला. हे विधान चुकीचे आहे, आणि ते तपासायला फारसे साहित्य लागत नाही. 'आवाजाने मला अक्षरशः वेड लागायची पाळी आली' या वाक्यात 'अक्षरशः'च्या जागी 'लाक्षणिक अर्थाने' घालून पाहावे. वाक्य कोसळते. बोलणाऱ्याला आपण लक्षणा वापरतो आहोत हे जाहीर करायचे नसते. त्याला फक्त आवाज वाढवायचा असतो. 'व्हेरी'चे मूळ लॅटिनमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दात आहे. 'रिअली' तर उघडच वास्तवातून आलेला. आज या दोघांचा वास्तवाशी संबंध 'फार'इतकाच उरला आहे, आणि त्याबद्दल कोणी पुस्तिका काढत नाही. मराठीतही 'साक्षात' म्हणजे डोळ्यांदेखत. पण सुनेला साक्षात लक्ष्मी म्हणणाऱ्या सासूला कोणी दृष्टीबद्दल विचारत नाही. 'शतशः आभार' आणि 'कोटिशः प्रणाम' यांतला प्रत्यय 'अक्षरशः'मधलाच. शंभर वेळा आभार कोणी मानत नाही, आणि कोटी प्रणामांना तर जन्म पुरायचा नाही. खरेपणाचे शब्द जोराचे शब्द होतात, ही भाषांची नित्याची चाल आहे.

हे नेमके कसे घडते ते आपल्या शब्दशक्तिविचारात फार स्वच्छ मांडता येते. 'काव्यप्रकाशा'त मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. मुख्यार्थाचा बाध व्हावा लागतो, दुसऱ्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असावा लागतो, आणि या बदलाला रूढी तरी असावी किंवा प्रयोजन तरी. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे कोणी म्हटले, की प्रवाहावर वस्ती असू शकत नाही म्हणून मुख्यार्थ अडतो. मग जवळचा म्हणून काठ घेतला जातो. 'गंगाकाठी' न म्हणता 'गंगेवर' म्हणण्याचे प्रयोजन म्हणजे गारवा आणि पावित्र्य मनात यावे हे. रूढीचे नेहमीचे उदाहरण 'कुशल' : मूळ अर्थ दर्भ कापून आणणारा, पण आज कोणत्याही कामात हुशार. तिथे दर्भ कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

आता 'मी हसून हसून अक्षरशः मेलो' हे वाक्य घ्या. बोलणारा जिवंत आहे, तेव्हा 'मेलो'चा बाध होतो आणि लक्षणा चालू होते. पण या वाक्यात आणखी एक शब्द बसला आहे, ज्याचा स्वतःचा मुख्यार्थ 'इथे लक्षणा करू नका' असा आहे. ऐकणारा मात्र करतोच. मग या दुसऱ्या शब्दाचे काय होते? त्याच्याही मुख्यार्थाचा बाध होतो! अक्षर न् अक्षर खरे असणे हा त्याचा मुख्यार्थ अडतो, खरेपणाशी निगडित असलेली तीव्रता उरते, आणि प्रयोजन म्हणजे जोर. थोडक्यात, लक्षणेला मज्जाव करणारा पहारेकरी स्वतःच लक्षणेने आत जातो. व्याकरणकारांना यात भाषेचा अधःपात दिसतो. मम्मटाला फार तर एक लक्षणा अधिक दिसली असती. 'आईशप्पथ, काय पाऊस होता' असे म्हणणाऱ्यावर खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा आपण नोंदवत नाही, तसेच हे.

मग सगळे आलबेल आहे, कोणी काहीही म्हणावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्या मते शुद्धतेचे राखणदार चुकीच्या दारावर पहारा देत आले आहेत. 'हसून मेलो', 'संपत्तीत लोळलो', 'पाय मोडले' या अशक्य अतिशयोक्त्यांवर ते तुटून पडतात, आणि या निरुपद्रवी असतात. त्यांचा मुख्यार्थ इतका ठामपणे अडतो की गैरसमज होऊच शकत नाही. धोका आहे तो जिथे बाध होईलच अशी खात्री नाही तिथे. 'पुरानंतर गावातली कुटुंबे अक्षरशः रस्त्यावर आली.' या वाक्याचा अर्थ काय? ती कुटुंबे कंगाल झाली, की महामार्गाच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली राहत आहेत? दोन्ही शक्य आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांवर करायची मदतही वेगळी आहे. वाचकाला ठरवता येत नाही आणि वार्ताहराला ते ठरवायचे होते की नाही हेही कळत नाही. 'अक्षरशः हजारो लोक जमले' यातही तेच. हजारो लोक जमणे अशक्य नाही, म्हणून वाचक ते संख्येसारखे वाचतो, आणि लिहिणाऱ्याने तर नुसता जोर दिलेला असतो. म्हणजे कसोटी अशी : वाक्य जितके अशक्य, तितका हा शब्द निर्धोक. वाक्य जितके शक्य, तितका तो जोखमीचा.

याची उलट बाजू अशी की, या शब्दाची खरी गरजही जोखमीच्या जागीच असते. एखादा वाक्प्रचार रूढ होऊन 'कुशल'सारखा गुळगुळीत झालेला असतो आणि एखाद्या दिवशी तो घटनेत उतरतो. पायाखालची जमीन सरकणे हा मराठीत रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे. परीक्षेच्या निकालापासून शेअर बाजारापर्यंत कुठेही ती सरकते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत ती सरकली तेव्हा हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. गाव गाडले जाणे, नकाशावरून पुसले जाणे हेही असेच शब्दप्रयोग. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली, तेव्हा त्यांत रूपक काही उरले नव्हते. ड्रायडनच्या हरिणीला भाकरीबद्दल जे सांगायचे होते तेच इथे सांगायचे असते : तुम्ही एरवी जे बोलण्यासाठी बोलता ते इथे घडले आहे. 'अक्षरशः' हा शब्द यासाठी हवा. आणि नेमक्या याच वेळी वाचक त्याच्याकडे लक्ष देत नाही, कारण आदल्या दिवशी त्याच पानावर एका क्रिकेटपटूने गोलंदाजांना अक्षरशः चिरडलेले असते.

यात आपण साहित्यिक मंडळीही मागे नाही. पुस्तक-परीक्षणांत वाचक अक्षरशः भारावतो, अक्षरशः खिळून राहतो, पान अक्षरशः उलटवत नाही किंवा अक्षरशः थांबवत नाही. मलपृष्ठावरच्या मजकुराबद्दल न बोलणेच बरे. मराठीत पुस्तक खऱ्या अर्थाने अक्षरशः वाचणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे मुद्रितशोधक, आणि भारावून जाण्याइतका वेळ त्याला कोणी दिलेला नसतो. एक दिलासा असा की, 'शब्दशः' अजून शाबूत आहे. शब्दशः भाषांतर, शब्दशः उतारा, मुलाखत शब्दशः उतरवून घेणे अशा जागी तो आजही मुख्यार्थानेच येतो. 'मी शब्दशः मेलो' असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीला एकाच शब्दात भागवावे लागते ते काम मराठीने दोघांत वाटून घेतले आहे. ज्याला अचूकपणा हवा त्याने या दुसऱ्याकडे जावे. मात्र तो वचनांपुरता चालतो, घटनांना लागू पडत नाही.

आता शहरी मराठी बोलण्यात तर 'लिटरली'च येऊन बसला आहे. त्यावर नाक मुरडण्याआधी तो कुठे येतो ते ऐकावे. 'मी लिटरली तुझ्या घराखाली उभी आहे', 'लिटरली दोन मिनिटांत येतो', 'सिनेमा बघून मी लिटरली रडले'. यातली दोन मिनिटे सोडली तर बाकीची विधाने बहुधा खरी असतात. ती खाली उभी असते. ती रडलेलीही असते. 'रडले' हे क्रियापद 'वाईट वाटले' एवढ्यासाठी आपण इतके स्वस्त केले आहे की, डोळ्यांतून पाणी आले हे सांगायला तिला वेगळी खूण लागते आणि ती उसनी आणते. तिने न वाचलेल्या ड्रायडनच्या जवळ ती नकळत पोचलेली असते, आणि 'अक्षरशः' लिहिणारे आम्ही मात्र लिलीच्या बाजूला, तेही लिलीचा गोडवा नसताना.

वृत्तसंपादकांना या शब्दावर बंदी घाला असे सांगण्यात अर्थ नाही. अशा बंद्यांचा इतिहास वर आलाच आहे. पण जिथे मुख्यार्थ अडेल की नाही अशी शंका असेल, तिथे क्रियाविशेषण काढून त्याच्या जागी तपशील घालून पाहता येईल. 'कुटुंबे अक्षरशः रस्त्यावर आली' याऐवजी ती कुठल्या रस्त्याच्या कुठल्या फाट्यावर आहेत, किती दिवसांपासून आहेत, पाणी कुठून आणतात, चूल कशावर पेटवतात. वाक्य तीन ओळींनी वाढते आणि बातमीदाराला तिथे एकदा जाऊन यावे लागते.